घाट, धावपट्टी आणि ब्रेक ऑइल : आपल्याकडच्या शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट

मागच्या वेळी संयोजकांनी विचारलं, "सर, पुढचा विषय काय?" मी म्हटलं, "स्पोर्ट्स कार ट्रॅकवर न्यायची तर तिची निगा कशी राखायची, तिच्यात काय बदल करायचे, आणि हे आपल्याकडे कसकसं होत आलं." ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "बेलपाड्यात?" मी म्हटलं, हो, बेलपाड्यातच.

कारण सांगतो. आपण बसलोय तिथून सायन-पनवेल रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. बेलपाडा मेट्रो स्टेशन सुरू झालं १७ नोव्हेंबर २०२३ ला. मेट्रो रात्री थांबते, आणि मग शनिवारी बारा-साडेबाराला या रस्त्यावर सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचा जो आवाज सुरू होतो, तो इथल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. माझी बायको म्हणते, तुझे विद्यार्थी आले बघ. मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवायचो, म्हणून हा टोमणा. तो आवाज ऐकून लोक पोलिसांना फोन करतात, आणि बरोबरच करतात. मला मात्र दरवेळी दुसराच प्रश्न पडतो. या पोराने गाडीवर लाखभर रुपये घातलेत, त्यातले ब्रेकवर किती घातले असतील? आजची सगळी गोष्ट या प्रश्नाभोवती आहे.

आधी थोडं गणित. घाबरू नका, एकदाच आहे. एक टन वजनाची गाडी ताशी १२० वरून ६० वर आणायची, तर ब्रेकला सुमारे ४ लाख १६ हजार ज्यूल उष्णता गिळावी लागते. म्हणजे किती? जवळजवळ दीड लिटर पाणी माठातल्यासारखं असताना चुलीवर ठेवलं आणि उकळी फुटली, तेवढी. फरक एवढाच की चुलीला दहा मिनिटं लागतात आणि ब्रेकला तीन-चार सेकंद. रस्त्यावर असं ब्रेक तुम्ही दिवसातून एकदा दाबाल. ट्रॅकवर प्रत्येक मोठ्या वळणाला दाबता, एका फेरीत सहा-सात वेळा, आणि फेऱ्या पंधरा. ट्रॅकची गाडी आणि रस्त्याची गाडी यांत मूळ फरक वेगाचा नाही, उष्णतेचा आहे. ब्रेकची, इंजिन ऑइलची, टायरची, रेडिएटरची उष्णता. ती बाहेर कशी टाकायची, एवढाच उद्योग शंभर वर्षं चाललेला आहे.

आपल्या भागात हा उद्योग सुरू झाला तो ट्रॅकवर नाही, घाटात. बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमने खुला केला १८३० च्या नोव्हेंबरात. तो बैलगाड्यांसाठी आणि तोफखान्यासाठी. मोटार आली ती सत्तर वर्षांनी. १८९८ च्या सुमाराला मुंबईत पहिल्या मोटारी आल्या आणि त्यातली एक जमशेदजी टाटांची होती, असं सांगितलं जातं. १९०४ च्या अखेरीस तर मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई अशी विश्वासार्हतेची चाचणी घेतली. शर्यत नव्हे बरं का, चाचणी. तेव्हा मोटार वेगात जाते का यापेक्षा पोहोचते का, हा प्रश्न मोठा होता.

तेव्हाचा मुंबई-पुणे रस्ता आठवा. म्हणजे आठवणार कुणालाच नाही, नकाशावर बघा. ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला १९७३ मध्ये. त्याआधी पुण्याला जायचं तर ठाणे, मुंब्रा, शीळ, पनवेल असं फिरून. आपलं बेलपाडा त्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांत. मोटार दिसायची ती पनवेलला. तिथून खोपोली, आणि खोपोलीच्या पुढे चढ. अर्धा किलोमीटर उंची काही मैलांत चढायची. इंजिन तापायचं, रेडिएटर उकळायचा, गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसायचं. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. आजही ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. माझ्या मते जुन्या काळी गाडी थंड करायला थांबायचं ठिकाण आणि देवाला हात जोडायचं ठिकाण एकच पडत असणार. हा पुरावा नाही, नुसता अंदाज आहे.

उतार तर चढापेक्षा वाईट. तेच गणित लावा. एक टनाची गाडी ५०० मीटर उतरली की सुमारे ४९ लाख ज्यूल. म्हणजे मघाची ती बारा वळणं. सगळा घाट ब्रेकवर उतरलात तर ट्रॅकच्या दोन फेऱ्यांची उष्णता ड्रममध्ये जाते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हा ट्रॅकवरचाही पहिला धडा आहे. इंजिनला अर्धं काम करू द्या, ब्रेकला श्वास घेऊ द्या. आपल्याकडे हा धडा रेसिंग स्कूलमधून आला नाही, ट्रक ड्रायव्हरांकडून आला.

याच रस्त्यावर जेआरडी टाटा. विमानवाले जेआरडी सगळ्यांना ठाऊक आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले ते. त्याआधीचे जेआरडी बुगाटीवाले होते. त्यांच्या बुगाटीला टप नव्हता आणि मडगार्डही नव्हते. मुंबईहून पुणं त्यांनी अडीच तासांत गाठल्याची गोष्ट सांगितली जाते. घाट धरून, तेव्हाच्या रस्त्याने! आज एक्सप्रेस-वेवर लोणावळ्याला अडकलेल्या माणसाला हे सांगू नका, त्याला त्रास होतो. (हशा) गाडी चालवण्यावरूनच पेडर रोडवरच्या एका प्रकरणात ते कोर्टात अडकले, वकील म्हणून जॅक व्हिकाजींकडे गेले, आणि तिथे त्यांच्या पुतणीची, थेल्माची, ओळख झाली. १९३० मध्ये लग्न. त्या खटल्याचं एवढं एक चांगलं फळ.

मला त्या गोष्टीत रस आहे तो मडगार्डमुळे. मडगार्ड काढणं हा ट्रॅकसाठी केलेला सर्वांत जुना बदल. वजन कमी होतं, आणि चाकाला, ब्रेकला हवा लागते. शर्यतीच्या बुगाटींची चाकं अ‍ॅल्युमिनियमची ओतलेली असत, आणि ब्रेकचा ड्रम चाकातच बसवलेला. चाक काढलं की ड्रम बाहेर. चाक फिरलं की त्याचे चपटे आरे पंख्यासारखी हवा ओढत. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की वेगवान गाडी म्हणजे थंड राहणारी गाडी.

आता स्वातंत्र्यानंतर. ज्या जुहूला जेआरडी टपाल घेऊन उतरले, त्याच धावपट्टीवर पन्नास-साठच्या दशकांत मोटारींच्या शर्यती व्हायच्या. ही गोष्ट आजच्या मुंबईकराला खरी वाटत नाही. कोरड्या गवताचे भारे आणि रिकामे पिंप ठेवून वळणं करायची, आणि विमानाच्या जागी मोटारी सोडायच्या. हे काही मुंबईपुरतं नव्हतं. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला आणि शोलावरम हे पुढची कित्येक वर्षं देशातल्या शर्यतींचं पंढरपूर झालं. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोनही मुळात युद्धातला विमानतळच. युद्ध संपल्यावर जगभर अशा पट्ट्या रिकाम्या पडल्या आणि त्यावर मोटारवाले बसले.

पण एक फरक होता. इंग्लंडमध्ये पट्टी रिकामी झाली आणि गाड्याही मिळत होत्या. आपल्याकडे गाडीच मिळेना. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांना इथे गाड्या बनवायच्या नाहीत, नुसत्या जोडायच्या आहेत, त्यांनी जावं. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती, ती गेली. फोर्डही गेली. आयात बंद. ज्यांच्याकडे एमजी होती, जॅग्वार होती, त्यांची गाडी होती पण सुटे भाग नव्हते. अशा गाडीचं पिस्टन गेलं की काय करायचं? लेथवर बनवायचं, नाहीतर ट्रकचं पिस्टन घासून बसवायचं. गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापायचं. मुंबईतले मेस्त्री यात तयार झाले. चोरबाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड, लॅमिंग्टन रोडमागच्या गल्ल्या, हे त्यांचं विद्यापीठ.

इथे मला थोडं थांबायचंय. इंग्रजी पुस्तकं वाचलीत तर दुरुस्ती हे एक प्रकरण असतं आणि सुधारणा हे दुसरं. आपल्याकडे ही दोन प्रकरणं कधी वेगळी नव्हतीच. मूळ भाग मिळत नाही म्हणून दुसरा बसवायचा, आणि बसवायचाच आहे तर जरा बरा बसवू. म्हणजे निगा राखता राखताच गाडी बदलायची. आपल्याकडच्या मॉडिफिकेशनचा उगम हौसेत आहे असं लोक समजतात. माझ्या मते तो टंचाईत आहे.

आणि या सगळ्याची नायिका कोण? फियाट! आता तुम्ही हसाल. काळी-पिवळी टॅक्सी ती. पण ऐका. वालचंद हिराचंद, आपल्या सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. पन्नासच्या दशकात तिथे फियाट ११०० आली. १९६४ पासून ११०० डी, १९७४ पासून तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. चारही चाकांना ड्रम ब्रेक. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या नळीवर. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. अशा गाडीला स्पोर्ट्स कार म्हणणं म्हणजे बैलाला घोडा म्हणणं. पण पलीकडे अ‍ॅम्बॅसॅडर होती, आणि ती तर रेडा. (हशा) फियाट हलकी होती, वळणात बरी होती, इंजिन आनंदाने फिरायचं. शिवाय ती मुंबईतच बनायची, भाग मुंबईतच मिळायचे. म्हणून ती शर्यतीत उतरली.

फियाट ट्रॅकसाठी कशी तयार करत, ते मी सविस्तर सांगणार आहे, कारण ते सांगणारे मेस्त्री आता उरले नाहीत. मी ऐशीच्या दशकात एका वयस्कर मेस्त्रींकडे रविवारी जाऊन बसायचो. पाना हातात देणं हे माझं काम. ते शिकलेले नव्हते, पण कानाला स्टेथोस्कोप लावल्यासारखं इंजिन ऐकायचे.

पहिलं काम इंजिनला हात न लावण्याचं. मागची सीट काढा, गालिचा काढा, दारांचे आतले पत्रे काढा, स्पेअर चाक काढा. फुकटात पन्नास-साठ किलो गेले. ते म्हणायचे, "आधी गाडीला उपास घडव, मग तालीम." दुसरं, हेड काढून लेथवर फेस करायचं, म्हणजे खालून मिलिमीटर-दीड मिलिमीटर छिलायचं. त्याने वरची पोकळी लहान होते, दाब वाढतो, ताकद वाढते. पण किती छिलायचं हे पेट्रोलवर अवलंबून. तेव्हाचं साधं पेट्रोल इतक्या हलक्या ऑक्टेनचं की जास्त छिललं तर इंजिन टकटकायला लागायचं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक. मग व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटा आतून घासायच्या, पॉलिश पेपरने, हाताने. चार-चार रात्री. एका कार्बोरेटरच्या जागी दोन. ज्याच्याकडे परदेशातून येणारा मामा असेल त्याच्याकडे इटालियन वेबर, बाकीच्यांनी जे मिळेल ते जोडायचं. गिअरची दांडी खाली जमिनीवर आणायची. हा बदल मुंबईत इतका लोकप्रिय झाला की शर्यतीशी संबंध नसलेले लोकही करून घ्यायचे, आणि शेवटी कंपनीनेच तशी पद्मिनी काढली.

स्प्रिंगा कापायच्या, एखादं वेटोळं कमी. गाडी खाली बसते, वळणात कमी झुकते. आणि इथे मेस्त्री नेहमी एक गोष्ट सांगायचे. स्प्रिंग कापलीस की शॉकप बदल. नाहीतर कापलेली स्प्रिंग कडक झाली आणि शॉकप जुनाच मऊ राहिला, तर गाडी खड्ड्यावरून उडत राहते, टायर जमिनीला लागतच नाही. आज खारघरमध्ये मी कापलेल्या स्प्रिंगांच्या गाड्या बघतो, स्पीडब्रेकरवर पोट घासतात. त्यातल्या किती जणांनी शॉकप बदलले असतील? दिसायला खाली बसली की झालं.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत जास्त वेळ, ब्रेक. ड्रमला भोकं पाडायची, मागच्या पत्र्यात जाळी कापायची, हवा आत जायला. लायनर ट्रकच्या कडक मालाचे चिकटवून घ्यायचे. थंड असताना ते पकडत नाहीत. पहिल्या वळणाला पाय दाबला तर गाडी थांबतच नाही. दोन वळणं त्यांना तापवायला लागतात, मग पकडतात. ट्रॅकवरचा ब्रेक रस्त्यावर धोक्याचा आणि रस्त्यावरचा ट्रॅकवर धोक्याचा, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. आजच्या महागड्या ब्रेक पॅडच्या डब्यावरही हेच छापलेलं असतं, बारीक अक्षरात.

मग ही गाडी घेऊन मद्रास. तेराशे किलोमीटर. बहुतेकांची तीच गाडी रस्त्याने चालवत न्यायची, तिकडे शर्यत, आणि मोडली नाही तर त्याच गाडीतून घरी. शोलावरमला यांच्या शेजारी कोण उभं असायचं? सत्तरच्या दशकात गोंडलचे महाराज शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनाची सुर्टीस घेऊन यायचे. पुढे विजय मल्ल्या चक्क फॉर्म्युला वनची जुनी एन्साइन घेऊन उतरले. आणि त्याच पट्टीवर कुर्ल्याची फियाट. गट वेगळे असायचे अर्थात. पण फियाटवाला आणि महाराज एकाच धुळीत उभे, हे दृश्य मला फार आवडतं. असं दृश्य आज बघायला मिळत नाही.

जुहू बंद झालं, आणि मुंबईच्या जवळ दुसरी जागा झाली नाही. ऐशीच्या दशकात नझीर हुसेन यांनी मुंबईत बसून हिमालयन रॅली उभी केली, पहिली १९८० ला. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायला लागली. पण रॅली म्हणजे कच्चे रस्ते. तिथे लागते मजबुती. सर्किटचं रेसिंग दक्षिणेलाच राहिलं. १९९० मध्ये मद्रास क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा पक्का ट्रॅक बांधला. कोइंबतूरला करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून एका माणसाची छोटी रेसकार बनवली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयनने पहिली शर्यत त्यातच केली, आणि २००५ मध्ये तो जॉर्डनच्या फॉर्म्युला वन गाडीत बसला. ७९६ सीसीच्या इंजिनापासून तिथपर्यंत. करिवर्धन मात्र ते बघायला राहिले नाहीत, १९९५ मध्ये विमान अपघातात गेले.

मारुतीने सगळंच बदललं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली आठशे दिली गेली, आणि दहा वर्षांत फियाट टॅक्सीवाल्यांची झाली. १९९३ ला झेन, तिचं इंजिन अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं. मग एस्टीम. ही खरी शर्यतीची सामग्री. आता माझी स्वतःची गोष्ट इथे येते, आणि ती मला फारशी शोभणारी नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मी आणि माझा एक मित्र मिळून एक एस्टीम तयार करत होतो. तोवर मी खारघरजवळ राहायला आलो होतो. तेव्हा इथे इमारती कमी आणि चिखल जास्त. पत्र्याच्या शेडमध्ये काम. हेड झालं, स्प्रिंगा झाल्या, शॉकप बदलले, मेस्त्रींचं सगळं ऐकलं. ब्रेकला नवे पॅड. ब्रेक ऑइल बदललं मे महिन्यात. मग पाऊस लागला. आपल्याकडे पाऊस म्हणजे काय हे पनवेलकरांना सांगायला नको, अडीच-तीन हजार मिलिमीटर. चार महिने गाडी शेडमध्ये. डिसेंबरात दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर सरावाला नेली. निघताना ऑइल थोडं कमी दिसलं म्हणून शेडमधल्या बाटलीतलं वर घातलं. त्या बाटलीचं झाकण पावसाळाभर सैल होतं. माझ्याच हाताने सैल राहिलं होतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मिठासारखं. आपल्या घरात जुलैमध्ये मिठाचं काय होतं ते आठवा. साधं डॉट ३ ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५. आता मघाचं गणित. सहावी-सातवी फेरी. सरळ पट्टीच्या शेवटी मी पाय दाबला. नळीतलं ऑइल उकळून त्याची वाफ झालेली. द्रव दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकलं, हलकं, जणू खाली काहीच जोडलेलं नाही. शेजारच्या सीटवर मित्र होता, सराव म्हणून बसलेला. मी गिअर खाली ओढले, तिसरा, दुसरा. घाटातला धडा. गाडी वळणाबाहेर गेली, मातीत, मग टायरांच्या भिंतीत. मित्राचा खांदा निखळला आणि गळ्याचं हाड मोडलं. तो आज ठीक आहे, सकाळी सेंट्रल पार्कला चालायला येतो. पण तो हात अजून पूर्ण वर जात नाही. त्याने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. त्याच्या आईने ऐकवले, आणि मी ऐकून घेतले.

बाटली किंमतीने किती असेल? तेव्हा शंभराच्या आत. इंजिनवर आम्ही किती घातले होते ते मी सांगत नाही.

त्यामुळे कुणी मला विचारलं, सर, गाडी ट्रॅकवर न्यायचीय, पहिला बदल काय करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. नवं सीलबंद डॉट ४ ऑइल, जाण्याच्या आठवड्यात, चारही चाकांतून जुनं काढून. कोकणात राहत असाल तर वर्षाची वाट बघू नका. पॅड किती उरलेत ते बघा, निम्म्याहून कमी असतील तर नको. चाकांचे नट टॉर्क पान्याने घट्ट करा, आणि पहिल्या फेऱ्यांनंतर परत तपासा. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवून निघा, कारण तापल्यावर ती पाच-सहा पौंडांनी वाढते. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात तेल एका बाजूला जातं आणि पंपाला हवा मिळते. मैदानातून परत आल्यावर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, एक फेरी सावकाश मारून थंड करून आणा. यातल्या कशालाही हॉर्सपॉवर म्हणत नाहीत. म्हणून कुणी करत नाही.

पुढचा इतिहास भरभर. शिसं नसलेलं पेट्रोल महानगरांत १९९५ ला आलं, कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटर आला, आणि मेस्त्रीच्या जागी लॅपटॉपवाला. गोव्यात बांधलेली सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची फायबरची गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली, गोड होती, चालली नाही. २००९ ला चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला, २०१० ला पोलो कप. सगळ्या गाड्या एकसारख्या, एकाच तंबूत तयार केलेल्या, ड्रायव्हरने फक्त हेल्मेट घेऊन यायचं. शर्यत न्याय्य झाली, सुरक्षितही झाली. पण स्वतःची गाडी स्वतः तयार करून आणणारा त्यात बसत नाही. हे मला खटकतं, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही. २०११ मध्ये नोएडाजवळ बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली, तीन वर्षांत गेली. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथून चांगली मुलं निघाली. तळेगावजवळ नानोलीला हल्ली काही आकाराला येतंय. बरं आहे.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे मूळ रूप नोंदवलंय त्यात परवानगीशिवाय बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा ठणकावलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९, त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मी या दोन्हीच्या बाजूने आहे, कुणाला शंका नको. फक्त एक बघा.

आपल्या या भागाला शर्यत नवी नाही. रायगडातली, पनवेल तालुक्यातली गावं बैलगाड्यांच्या शर्यतीवर जीव टाकणारी. बैलाला काय खायला घालायचं, गाडी किती हलकी करायची, वंगण कुठलं, हे इथल्या आगरी घरांत मी तासन्‌तास ऐकलंय. निगा आणि बदल, तेच दोन शब्द. २०१४ ला न्यायालयाने शर्यती बंद केल्या. बंदीच्या काळात चोरून व्हायच्या त्या आडरानात, पहाटे, वैद्य नाही, मैदान धड नाही. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा मान्य केला. आता अर्ज, मैदान, डॉक्टर, नियम. तक्रारी आहेत, असतील. पण शर्यत रस्त्यावरून मैदानात आली.

मोटारीच्या बाबतीत नवी मुंबईत कायमचं असं मैदान आजही नाही. सिडको १९७० ला आली. या बेलपाड्याची भातखाचरं गेली, सेक्टर आले, रुंद रस्ते आले, आणि २०२५ मध्ये विमानतळही झाला. म्हणजे धावपट्टीसुद्धा आहे हो आपल्या शेजारी! (हशा) जुहूसारखं तिथे कुणी पिंप मांडू देणार नाही, ते मला कळतं.

प्रश्नोत्तरांत मागून एका मुलाने हात वर केला होता. विचारलं, "सर, ट्रॅकला जाऊन यायला इंधन, राहणं, फी धरून पन्नास हजार लागतात. मी काय करू?" मी त्याला गाडी कुठली ते विचारलं. म्हणाला, सेकंड हँड पोलो. मी विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंस? तो म्हणाला, "घेतल्यापासून नाही." घेऊन तीन पावसाळे झाले होते. व्याख्यान संपल्यावर आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो, बॉनेट उघडलं आणि मोबाइलच्या उजेडात डबी बघितली. चहासारखा रंग होता. ताजं ऑइल जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ असतं. रविवारी सकाळी त्याला माझ्याकडे यायला सांगितलंय. बाटली त्याने आणायची, सीलबंद.